आणखी एक दाखला

परदेशी वकिलातीने व्हिसाच्या अर्जावर आणखी कागदपत्रे मागवायची आणि अर्जदाराने ती गावच्या दप्तरांतून धुंडाळून पाठवायची, हा व्यवहार रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागाला शंभर वर्षांहून अधिक काळ परिचयाचा आहे. कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा, समोरच्या तीरावर अष्टमी. १८६६ पासून दोन्ही गावांची नगरपालिका एकच, तिचे नावही रोहा-अष्टमी असे जोडूनच घेतले जाते. या लहानशा गावाचा संबंध परदेशच्या कचेऱ्यांशी आला तो मुख्यतः बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजामुळे. शेजारच्या माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतल्या कोकणी मुसलमान कुटुंबांनी आधी आफ्रिका आणि नंतर आखाती देश गाठले. दोन्ही समाजांना परक्या कारकुनाने विचारले ते एकच: तुम्ही कोण, कोणाचे, कुठले, आणि याला कागद काय?

हा प्रश्न गावात कोणी विचारत नसे. बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी. त्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, गावोगावी पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले. ज्या गावी राहिले त्या गावाला ‘कर’ जोडून आडनाव झाले. रोहेकर, पेणकर, चेऊलकर, केहीमकर, दिवेकर, आणि अष्टमीचे ते अष्टमकर. आडनाव हाच पत्ता आणि तोच वंशाचा पुरावा. कुटुंब पुढे मुंबईत डोंगरी, उमरखाडी किंवा मांडवीला राहायला गेले तरी आडनाव बदलले नाही. त्यामुळे आयुष्यात एकदाही कुंडलिका न ओलांडलेला माणूसही अष्टमकर म्हणून ओळखला जाई. सोयरीक ठरवताना कोणाचे घराणे कोणते हे वडीलधारी मंडळी तोंडपाठ सांगत, आणि तेवढे पुरे होई.

समाजाचा कारभार पाहणारी माणसेही ठरलेली होती. मुकादम हा जमातीचा पुढारी, चौगुला त्याच्या हाताखाली हिशोब सांभाळणारा, हझान प्रार्थना चालवणारा, शमाश देखभालीला. प्रार्थनास्थळाला बेने इस्रायल सरसकट मशीद म्हणत. अष्टमीतही त्यांची अशी मशीद होती. लग्नात केतुबा, म्हणजे नवऱ्याने बायकोला लिहून दिलेला करारनामा, साक्षीदारांच्या सह्यांनिशी तयार होई. या सगळ्या व्यवस्थेत कागद फार थोडा होता, पण साक्ष भरपूर होती. एखाद्याचे लग्न झाले की नाही, मूल कोणाचे, हे मुकादमाने सांगितले की शंका उरत नसे.

इंग्रजी अमलात या लोकांनी दूरचे प्रवास केले तेही कागदावाचूनच. १८३९ मध्ये एडन इंग्रजांच्या ताब्यात आले आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे ते मुंबई इलाख्याशी जोडलेले राहिले. पलटणीत आणि सरकारी नोकरीत असलेले बेने इस्रायल तिथे बदलीवर जात, सहकुटुंब राहत. मुंबईहून पुण्याला जाण्यात आणि एडनला जाण्यात कागदोपत्री फारसा फरक नव्हता. पासपोर्ट ही वस्तू पहिल्या महायुद्धापर्यंत सामान्य प्रवाशाच्या वाट्याला आली नाही. युद्धकाळात निर्बंध आले, आणि १९२० च्या भारतीय पासपोर्ट कायद्याने हिंदुस्थानात येणाऱ्याकडे पासपोर्ट मागण्याचा अधिकार सरकारने कायमचा घेतला.

त्याही आधी, कागद मागण्याची खरी सुरुवात दक्षिण आफ्रिकेने केली. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान केप टाउनला जाऊन दुकानदारी, हातगाडीचा धंदा आणि मजुरी करत होते. केपच्या १९०२ च्या कायद्याने नव्या माणसाला युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवण्याची अट घातली. मात्र तिथे आधीपासून राहणाऱ्याची बायको आणि अज्ञान मुले यांना सूट होती. सूट आली की पुरावा आलाच. हा मुलगा खरोखर त्याचाच का, सोळा वर्षांच्या आतला का, ही बाई त्याची लग्नाची बायको का? १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी दिलेल्या निकालाने तर बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माप्रमाणे लागलेली लग्नेच तिथे बेकायदा ठरली. गांधींच्या शेवटच्या आफ्रिकी सत्याग्रहाला जी कारणे मिळाली त्यांत हे एक मोठे होते. १९१४ च्या तडजोडीच्या कायद्याने एक बायको आणि तिची अज्ञान मुले यांना मान्यता दिली, पण नाते सिद्ध करण्याचे ओझे प्रवाशावरच राहिले. त्यासाठी हिंदुस्थानातल्या मॅजिस्ट्रेटचा दाखला लागू लागला. वडील समुद्रापार, आई पडद्यात, आणि नाते सांगणारे गावचे चार लोक. त्यांचे जबाब घेऊन तालुक्याच्या कचेरीत दाखला तयार व्हायचा. वकिलातीने मागितलेला ‘जादा कागद’ कोकणात आला तो असा, वकिलाती येण्याच्याही आधी.

बेने इस्रायलांची पाळी १९४८ नंतर आली. इस्रायलच्या पार्लमेंटने ५ जुलै १९५० रोजी परतीचा कायदा मंजूर केला. त्यानुसार जगातल्या कोणत्याही ज्यू माणसाला तिथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क मिळाला. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, मात्र राजदूत पाठवला नाही. त्यामुळे पुढची चाळीस वर्षे इस्रायलची दिल्लीत वकिलात नव्हतीच. १९५३ पासून मुंबईत फक्त कॉन्सुलेट होते. अष्टमीच्या माणसाच्या दृष्टीने ही अडचण नसून सोयच होती. दिल्ली पाहिलेली नव्हती, मुंबई मात्र घरची होती. कागद कमी पडला तर नातेवाईकाकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत जाता येई.

निघणाऱ्याला दोन बाजूंचे कागद लागत. भारताच्या बाजूने पासपोर्ट. १९५४ मध्ये देशात पहिली पाच प्रादेशिक पासपोर्ट कार्यालये निघाली त्यांत मुंबई होते. शिवाय परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे तिकिटासाठी रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचा पी फॉर्म. इस्रायलच्या बाजूने ज्यू असल्याची खात्री, आणि इथे मुकादमाला पुन्हा महत्त्व आले. जमातीच्या पत्रावर अमुक व्यक्ती आमच्या समाजाची, तिचे आईवडील आमच्या समाजाचे, असे लिहून मुकादमाची सही आणि शिक्का. जोडीला केतुबा. जे ज्ञान आजवर तोंडी होते ते पहिल्यांदाच परक्या वाचकासाठी कागदावर उतरू लागले.

सुरुवातीला हा कागद पुरला. जे गेले त्यांतले सगळे रमले नाहीत, हेही इथे नोंदवायला हवे. १९५१ मध्ये बीरशेबा भागातल्या एका गटाने काम आणि रंगावरून होणाऱ्या भेदाची तक्रार करत तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीसमोर ठिय्या दिला आणि भारतात परत पाठवण्याची मागणी केली. १९५२ मध्ये ते परत आले. त्यांपैकी बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले, म्हणजे कागदांची तीच फेरी त्यांनी दोनदा केली.

खरी परीक्षा मुक्कामाला पोचल्यानंतर झाली. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्ने लावण्याचा अधिकार रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, धर्मपीठाकडे आहे. बेने इस्रायल ज्यू आहेत हे धर्मपीठाने १९६१ मध्ये मान्य केले, पण १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात लग्न नोंदणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या. बेने इस्रायल वधूवरांपैकी कोणी अन्य ज्यूशी लग्न करू इच्छित असेल, तर त्याची आई, आजी आणि जितके मागे जाता येईल तितक्या पिढ्यांतल्या बायका ज्यू होत्या का, हे तपासावे. घराण्यात कोणाचा घटस्फोट धर्मविधीविना झाला होता का, हेही पाहावे. रब्बींची शंका अशी की कित्येक शतके इतर ज्यूंपासून तुटून राहिलेल्या या लोकांना घटस्फोटाचे आणि विधवाविवाहाचे ज्यू धर्मनियम ठाऊकच नव्हते; मग त्या लग्नांतली संतती शुद्ध कशी मानायची?

या मागणीत एक पेच होता आणि तो रब्बींच्या लक्षात आलेला दिसत नाही. ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून चालतो. कोकणातल्या झाडून सगळ्या नोंदी बापाकडून चालतात. गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत बापाचे नाव, शाळेच्या जनरल रजिस्टरात बापाचे नाव, सातबाऱ्यावर पुरुषाचे नाव. लेक बापाच्या नावाने नोंदली जाई, सून नवऱ्याच्या. मधल्या काळात तिचे माहेरचे नाव वहीतून पुसले जाई, पुष्कळदा पहिले नावसुद्धा सासरी बदले. अष्टमीच्या एखाद्या बाईची आजी कोणत्या घराण्यातली, हे सांगणारी माणसे होती, पण ती अष्टमीत. कागद कुठेच नव्हता. म्हणजे जो पुरावा मागितला तो या प्रदेशातल्या कोणत्याही दप्तराने कधीच ठेवलेला नव्हता, मग अर्जदार कितीही प्रामाणिक असो.

बेने इस्रायलांनी ही मागणी पुरवण्याचा खटाटोप करण्याऐवजी मागणीच धुडकावली, आणि ते बरोबर होते. ज्या समाजाने मुकादमाच्या शब्दावर पिढ्यान्पिढ्या लग्ने लावली, त्याच्यापुरतीच वेगळी चौकशी का? दोन वर्षे सभा, मोर्चे चालले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलकांनी मुलाबाळांसह मुक्काम ठोकला. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या पार्लमेंटच्या खास बैठकीत पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असे जाहीर केले. धर्मपीठाने आपल्या सूचनांतून बेने इस्रायल हे नाव काढले आणि ज्या कोणाबद्दल शंका असेल त्याची चौकशी करावी, असा मोघम मजकूर घातला. वादाचा निकाल कागदाने लागला नाही, तर माणसे रस्त्यावर बसल्याने लागला.

भारतात मात्र कागदाचा कायदा याच दशकात पक्का होत होता. पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी, असे १९६७ पर्यंत चालले. त्या वर्षी १० एप्रिलला सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला, आणि जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. ही तारीख परदेशी कचेऱ्यांच्या फायलींतही जाऊन बसली आहे. अमेरिकेची कॉन्सुलेट्स भारतीय अर्जदाराच्या बाबतीत याच तारखेने दोन वर्ग करतात. नंतर जन्मलेल्याकडे जन्मदाखला मागतात. आधी जन्मलेल्याकडे दाखला नसेल तर ‘नोंद आढळत नाही’ असे निबंधकाचे पत्र आणि इतर पुरावे चालवून घेतात.

१९७० पूर्वी नोंद मुळीच होत नव्हती असे मात्र नाही. नगरपालिकेच्या हद्दीत नगरपालिका, आणि बाहेरच्या गावांत गाव नमुना नंबर १४. ही वही तयार करण्यात कोतवालाचा हात असल्यामुळे तिला सगळे कोतवाल बुक म्हणतात. बहुतेक जुन्या कोतवाल बुकांत मोडी लिपी आहे. ओळीच्या सुरुवातीला तारीख, मग बापाचे नाव, जात, आणि मुलाच्या रकान्यात पुष्कळ वेळा नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारसे व्हायच्या आतच कोतवाल नोंद करून गेलेला असे, आणि नाव ठेवल्यावर ते परत कळवायला कोणी जात नसे. अशा नोंदीचा उतारा हाती आला की अर्जदाराला वाटते काम झाले. कॉन्सुलेटला वाटते हा दाखला कोणाचाही असू शकेल, आणि दुसरे पत्र येते. याचे उत्तर म्हणजे सर्व भावंडांच्या जन्माच्या नोंदी शोधून क्रम लावून दाखवणे, किंवा त्या तारखेशी शाळेचा दाखला जुळवणे.

शाळेचा दाखला मात्र स्वतःच एक कोडे असतो. जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई आणि मुलाला पहिलीत बसवण्यासाठी गुरुजींनी वय बेताचे करून तीच तारीख लिहिली. त्या तारखेला मुलाचा जन्म झाला नाही हे गुरुजींना ठाऊक होते, पालकांना ठाऊक होते. पुढे पन्नास वर्षांनी वकिलातीच्या खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते. पासपोर्टावर शाळेची तारीख, कोतवाल बुकात खरी तारीख. यांत दोन माणसे नसून एकच आहे, हे सांगायला प्रतिज्ञापत्र करावे लागते.

नावांचा घोळ बेने इस्रायलांत आणखी जुना आहे. बायबलमधली नावे कोकणात रुळताना मराठी झाली होती. मुंबईतली पहिली बेने इस्रायल मशीद १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी मराठीतून हिब्रू शिकवायला सुरुवात केली, हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये समाजाची शाळा काढली, आणि नव्या पिढीने मूळ बायबली नावे पुन्हा धरली. आजोबा वहीत सामाजी, शाळेत सॅम्युएल, पासपोर्टावर इंग्रजी स्पेलिंगचे तिसरेच रूप, आणि इस्रायलमध्ये श्मुएल. मराठीत नाव, बापाचे नाव, आडनाव असा क्रम. परदेशी अर्जात आधी आडनाव आणि बापाच्या नावाला जागाच नाही. नाव रीतसर बदलायचे तर राजपत्रात जाहिरात देण्याची सोय आहे, आणि वकिलाती राजपत्राचे पान मानतात. पण ज्यांनी नाव कधी बदललेच नाही, फक्त ते वेगवेगळ्या कारकुनांनी वेगवेगळे लिहिले, त्यांना राजपत्राचा उपयोग नाही. त्यांना पुन्हा प्रतिज्ञापत्रच.

यात जिल्ह्याच्या नावाने भर घातली. अष्टमी आणि रोहा ज्या जिल्ह्यात होते तो कुलाबा जिल्हा १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाला. म्हणून १९७५ मध्ये जन्मलेल्याच्या दाखल्यावर जिल्हा कुलाबा, पासपोर्टावर रायगड. छत्तीसगडमध्ये त्याच उच्चाराचा रायगढ जिल्हा आहे, आणि मुंबईत कुलाबा नावाचा भाग आहे. जन्म कुलाब्याचा म्हणजे मुंबईचा, असे समजून मुंबई महापालिकेचा दाखला मागणारा परदेशी अधिकारी चुकतो, पण त्याची चूक समजण्यासारखी आहे. एक ओळीचा खुलासा आणि जिल्ह्याच्या नामांतराचा उल्लेख केला की हा मुद्दा सहसा मिटतो.

सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा वाढला आणि कोकणातून आखाताकडे लोंढा लागला. तिथल्या व्हिसाची तऱ्हा निराळी. वंश कोणी विचारत नाही, विचारतात ते मालकाचे पत्र, शिक्षण आणि लग्न. १९२२ च्या जुन्या कायद्याच्या जागी १९८३ मध्ये नवा स्थलांतर कायदा आला, आणि दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर स्थलांतर तपासणी आवश्यक असा शिक्का बसू लागला. दहावीच्या प्रमाणपत्राला आखातात नोकरीसाठी किती किंमत असेल ती असो, विमानतळावर त्याची किंमत पुरेपूर होती. बायकामुलांना बोलवायचे तर निकाहनामा आणि मुलांचे जन्मदाखले मंत्रालयात, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात, मग त्या देशाच्या वकिलातीत असे तीन ठिकाणी साक्षांकित करून घ्यावे लागत. काझीने उर्दूत लिहिलेला निकाहनामा, त्याचे इंग्रजी भाषांतर, भाषांतरावर नोटरी, नोटरीवर गृह विभाग. एकेका शिक्क्याने फक्त आधीच्या शिक्क्याची खात्री दिली जाते. मजकूर खरा की खोटा याबद्दल शेवटचा अधिकारी काहीच म्हणत नाही. तरी साखळीतली एक कडी निसटली की पत्र परत येते.

ही साखळी काही देशांपुरती तुटली ती अपोस्टीलमुळे. हेगच्या कराराचा अंमल भारतात १४ जुलै २००५ पासून सुरू झाला. करारातल्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का पुरतो. इस्रायल त्यात आहे, ओमान २०१२ पासून, सौदी अरेबिया २०२२ च्या डिसेंबरपासून. संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार या देशांनी करार स्वीकारलेला नसल्यामुळे तिथल्यासाठी जुनी वाट कायम राहिली.

अमेरिकेच्या व्हिसाने या प्रकाराला एक क्रमांक दिला. १९५२ च्या तिथल्या कायद्याच्या कलम २२१ (जी) खाली अर्ज तूर्त नामंजूर करून अधिकारी हातात चिठ्ठी देतो आणि त्यात हवे असलेले कागद लिहिलेले असतात. ‘टू ट्वेंटी वन जी लागला’ असे मुंबईत सर्रास म्हटले जाते, ताप आल्यासारखे. अर्जदाराला नकार मिळाला असे वाटते. तांत्रिकदृष्ट्या तो नकारच असतो, पण कागद एका वर्षाच्या आत दिले तर नवी फी न भरता त्याच अर्जाचा विचार होतो. वर्ष उलटले तर सगळे पहिल्यापासून. अनेकांची प्रकरणे बिघडतात ती पुरावा नसल्यामुळे नव्हे, तर चिठ्ठीत मागितलेल्या दोन कागदांऐवजी भीतीपोटी वीस पाठवल्यामुळे. वीसांत एखादी जुनी रेशनकार्डाची प्रत निघते, त्यावर नावाचे चौथे स्पेलिंग असते, आणि शंका मिटण्याऐवजी नवी उभी राहते.

उत्तर देण्याची रीत गेल्या शतकभरात फारशी बदललेली नाही. केस क्रमांक आणि आलेल्या पत्राची तारीख घालून एक पत्र. मागितलेले कागद त्याच क्रमाने. मराठी कागदासोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याची सही. जन्माची नोंद नसेल तर ती नाही असे निबंधकाचे पत्र, आणि घटनेची स्वतः माहिती असलेल्या दोन वयस्कर माणसांची प्रतिज्ञापत्रे. ही दोन माणसे आईवडील असतील तर उत्तम, नसतील तर आत्या, मावशी, शेजारी. पण अर्जदाराच्या जन्माच्या वेळी ती जाणती असायला हवीत. अर्जदारापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या चुलतभावाचे प्रतिज्ञापत्र परत आल्याची उदाहरणे कमी नाहीत. नीट पाहिले तर केपला जाणाऱ्या मुलासाठी मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहिलेले गावचे चार लोक आणि हे दोन साक्षीदार यांत फरक इतकाच, की आताच्यांना नोटरीकडे जावे लागते. मुकादमाचा शब्द गेला, असे म्हणण्याची घाई करू नये. वकिलात आजही शेवटी कोणाच्या तरी शब्दावरच येऊन थांबते.

इस्रायल आणि भारत यांचे पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी जुळले आणि दिल्लीत वकिलात उघडली. तोवर अष्टमीसारख्या गावांतली बहुतेक बेने इस्रायल कुटुंबे निघून गेली होती. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात पाच हजारांच्याही आत ज्यू उरले, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. जून २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर सरकारी अर्जांत त्यांना ‘इतर’ या रकान्यात बसवले जाई, आणि अशा दाखल्याच्या आधारे ज्यू असल्याचे सिद्ध करायला निघालेल्या माणसाची पंचाईत होई. आता उलट दिशेनेही मागणी येते. इस्रायलमध्ये जन्मलेली नातवंडे आजोबांच्या भारतीयत्वाचा पुरावा शोधत येतात, कारण परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या कार्डासाठी आईवडील, आजोबा-आजी किंवा पणजोबा-पणजी भारतीय होते असे दाखवावे लागते. या वेळी कागद मागणारी वकिलात भारताची असते, आणि नातवंडांना शोधायचे असते ते कोतवाल बुकातलेच नाव.

जुन्या वह्यांचे भाग्य अलीकडे वेगळ्याच कारणाने उजळले. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. कित्येक वर्षे कोणी न उघडलेली गाठोडी तालुक्या-तालुक्यात सोडली गेली, मोडी वाचणारे शोधून आणले गेले आणि असंख्य पानांची छायाचित्रे जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. शोध होता जातीचा, पण कोतवालाने एका ओळीत जात आणि जन्म दोन्ही लिहिले असल्यामुळे हाती आलेली पाने व्हिसावाल्यांच्याही कामाची आहेत.

पुढच्या पिढीची कागदपत्रे निराळी असतील. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळा प्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा. एका वर्षाहून जुनी राहून गेलेली नोंद करायची तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे, तो अधिकार आता जिल्हाधिकारी आणि त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यांकडे आला आहे. आणि १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव महाराष्ट्रात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा क्रमाने नोंदले जाते. १९६२ मध्ये रब्बींनी मागितलेला आईचा रकाना त्या दिवशी महाराष्ट्राच्या सरकारी कागदावर नावाचाच भाग झाला.

रोहा-अष्टमीच्या हद्दीत झालेल्या जन्माची नोंद नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात मिळते. हद्दीबाहेरच्या खेड्यांतल्या १९७० नंतरच्या नोंदींसाठी ग्रामपंचायत, आणि त्याआधीच्या कोतवाल बुकांसाठी रोह्याच्या तहसील कचेरीतली अभिलेख खोली. ज्यांच्या घरात परदेशी जाण्याचा विचार आहे त्यांनी वकिलातीच्या पत्राची वाट न पाहता हे उतारे आधीच काढून, पासपोर्टावरच्या नावाशी अक्षर अन् अक्षर ताडून ठेवावेत. कोकणच्या दमट हवेत मोडीच्या वह्या दरवर्षी थोड्या थोड्या झिजत आहेत.